राणीच्या पायाची गोळी

पौषातल्या मंगळवारी सकाळी विमलवहिनी धारेला बसली. तिने राणीच्या सडाला हात लावला. बोटं मिटली नाहीत. तिने हात पदराला पुसला आणि पुन्हा लावला. बोटं मिटली नाहीत. ती उठली, बादली उपडी ठेवली, गोठ्यातून बाहेर आली आणि ओट्यावर बसली. दादाने विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "आज धार तुमी काडा."

त्यानंतर सात महिन्यांनी ती गेली.

मी तिचा धाकटा दीर. लग्न केलं नाही. एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त आहे. दादा-वहिनीच्याच घरात पुढच्या खोलीत पुस्तकं घेऊन राहत आलो. बत्तीस वर्षं मी तिच्या हातचं जेवलो आणि तिच्या हातचं दूध प्यायलो. तिच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे अजून ठरलेलं नाही. तरी लिहितो, कारण दादा लिहिणार नाही आणि तिला स्वतःला सहीपुरतंच लिहिता येत होतं.

आमची वस्ती आळ्याच्या शिवारात, फाट्यापासून आत दोन-अडीच किलोमीटरवर. पण आम्ही मूळचे इथले नव्हे. वडील पश्चिमेकडच्या डोंगरातून इकडे कालव्याच्या कामाला आले आणि थोडी जमीन घेऊन राहिले. दादाचं लग्न ठरवताना मात्र ते पुन्हा डोंगरातच गेले. वहिनीचं माहेर घाटघरचं. तिकडच्या गाई लहान चणीच्या असतात, सड करंगळीएवढे. मुठीत धरायला गेलं तर हरवतात. म्हणून तिकडच्या बायका अंगठा आत दुमडतात आणि त्याच्या पेरावर सड दाबून धार काढतात. एक गाय देऊन देऊन किती देणार? वासराचं पिऊन झालं की लिटरभर. तेवढ्यासाठी ही रीत चांगली. वहिनी ही रीत आठव्या वर्षी आईकडून शिकली.

आमच्याकडे ती आली तेव्हा दोन गावठी गाई होत्या. मग डेअरी आली, संकरित गाई आल्या, दोनाच्या पाच झाल्या. एकेक गाय वेळेला दहा-दहा लिटर दूध देणारी. गोठा बदलला, गव्हाण सिमेंटची झाली, हात मात्र घाटघरचाच राहिला. अंगठा दुमडून, सकाळी पाच गाई आणि संध्याकाळी पाच गाई.

एकदा जनावरांच्या डॉक्टरांनी तिला धार काढताना पाहिलं. ते म्हणाले, "ताई, अंगठ्यानं नका काढू. पूर्ण मुठीनं काढा. अंगठ्यानं सडाला आतून इजा होते."

वहिनी घाबरली. चार दिवस तिने मुठीने काढून पाहिलं. धार बारीक पडायची, वेळ दुप्पट लागायचा, डेअरीची गाडी निघून जायची. पाचव्या दिवशी अंगठा पुन्हा आत गेला. राणीच्या सडाला हळदीचं लोणी लावत ती म्हणाली, "माज्या हातानं तुला दुकतं व्हय गं? आधी बोलायचंस." अंगठ्याला काय होतं, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही. ते जनावरांचे डॉक्टर होते. मीही विचारला नाही.

वहिनी ठेंगणी, किडकिडीत, चालायला चपळ. माणसांशी बोलताना आवाज खाली आणि गाईंशी बोलताना वर. गाईंना ती सारखी रागवायची. "सरक की भवाने, पाय दे माज्यावर, मारून टाक एकदाची." राणी शांतपणे रवंथ करत असायची. नवखं माणूस दारात आलं तर त्याला वाटावं, घरात सासू-सुनेचं भांडण लागलंय. जेवायला ती कधी बसली नाही. उभ्या उभ्या, हातावर भाकरी घेऊन. बस म्हटलं की म्हणायची, "बसले की उटायला लागतंय. त्यापरीस उबीच बरी." हे मला विनोदी वाटायचं. गुडघ्यांचा हिशोब मी त्यात कधी धरला नाही.

माझ्या पुस्तकांची ती चेष्टा करायची. मी वाचत बसलो की चहा ठेवून जाताना विचारायची, "भाऊजी, तुमच्या पुस्तकात शेण काडायचं लिवलंय का कुटं?"

"नाही, वहिनी."

"मग निम्मीच लिवलीत म्हनायची."

चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरायची, देवाला ओंजळ धरावी तसा. कपाच्या कानात बोट घालून कधी धरला नाही. मी मनात म्हणायचो, किती छान धरते. डब्याचं झाकण घट्ट असलं की माझ्याकडे आणायची, "भाऊजी, एवढं तेवडं बगा." धुणं पिळायची नाही, तसंच ओलं दोरीवर टाकायची, खाली पाणी ठिबकत राहायचं. शेवटच्या चार-पाच वर्षांत भाकरी डाव्या हाताने थापायला लागली. एक काठ जाड राहायचा. दादा ताटात बघून म्हणायचा, "तुझी भाकरी बिघडली की गं." ती म्हणायची, "पीठच तसलं हाय." हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी आयुष्यभर पुस्तकांच्या नोंदी ठेवल्या, एक पान फाटलं तरी मला कळायचं.

दादाचं दुखणं मात्र सगळ्या वस्तीला माहीत आहे. त्याने ते उगाच सांगितलं असं नाही. ते दुखणंच तसं आलं. पेंडेचं पोतं टेम्पोतून उतरवताना त्याच्या कमरेत उसण भरली. तो तिथेच खाली बसला. चार माणसांनी उचलून घरात आणला. पोळ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट, हे आजही कुणीही सांगेल. मग नारायणगावला फोटो काढले, पट्टा आला, गादी काढून फळी टाकली, महिनाभर शेक झाला. दारात येणारा प्रत्येक माणूस आधी विचारायचा, "काय राव, पाठ कशी हाय?" डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही असं सांगितलं आणि दादाने ते पाळलं. त्याने पाळलं ते योग्यच केलं. पोती आपोआप वहिनीकडे आली. वहिनी ती डोक्यावर न घेता अर्धी अर्धी करून घमेल्यातून न्यायची.

मी पुष्कळदा याचा विचार करतो. पुरुष ओझं उचलतो, गाडी चालवतो, आणि त्याचं दुखणं एका दिवशी येतं. त्या दिवसाला साक्षीदार असतात. बाईचं काम लहान असतं आणि तेच ते असतं. धार, शेण, गुरांच्या चाऱ्याचा घास, पुन्हा धार. तिचं दुखणं रोज कणभर येतं. आज ते सुरू झालं असं ती कोणत्या दिवशी सांगणार? आणि कुणाला? वहिनीच्या दुखण्याला पहिली तारीख मिळाली ती त्या मंगळवारची. तोवर ते संपत आलं होतं.

राणी घसरली ती त्या मंगळवारच्या सहा-सात वर्षं आधी. ओल्या कोब्यावर तिचे पुढचे पाय फाकले आणि गुडघा सुजून नारळाएवढा झाला. दादाने फोन केला. तासाभरात डॉक्टर मोटारसायकलवर दारात. त्यांनी गुडघा चाचपला, सुई दिली आणि बोटभर लांबीच्या, खडूसारख्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. गुळात घालून रोज एक चारायची. शिवाय म्हणाले, "सिमेंटवर गुडघे टेकतात हो जनावराचे. रबरी मॅट टाका खाली."

आठवड्यात मॅट आल्या. जाड, काळ्या, पाचही गाईंना. वहिनीने त्या अंथरल्या, वर उभी राहिली, एकदा दाबून पाहिलं. मी दारात होतो. माझ्याकडे बघून हसली. "बगा भाऊजी, राणीच्या गुडघ्याला गादी आली. मऊ हाय लई." मग धार काढायला उकिडवी बसली, मॅटच्या अलीकडे, सिमेंटवर. तिच्या पायाला शेण असायचं, नवी मॅट घाण होईल म्हणून.

राणी तिसऱ्या दिवशी उभी राहिली. चौथ्या दिवशी चालली. गोळ्या दोन उरल्या.

त्यानंतर कधीतरी वहिनीने मला पहिल्यांदा सांगितलं, "भाऊजी, येताना फाट्यावरून राणीच्या पायाची गोळी आना. डॉक्टरांनी चालू ठेवा म्हनलंय." कॉलेजातून येताना आळेफाट्यावर मी एसटीतून उतरायचो, समोरच जनावरांच्या औषधांचं दुकान. रिकामं पाकीट दाखवलं की नवं मिळायचं. महिन्यातून एकदा, पुढे दोनदा. दुकानदार हसून म्हणायचा, "सर, तुमची गाय म्हातारी झाली वाटतं." मीही हसायचो. मला भेळेच्या कागदावरचा मजकूर वाचायची सवय आहे. ते पाकीट मी कधी वाचलं नाही. गोठ्यात मी फारसा जात नसे, आणि राणीचा पाय चांगला चालतोय का, हे पाहायचं माझ्या मनात आलं नाही.

घासात वाकून बसण्यावरून मधे एक प्रकार झाला. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, ते कुणाला नवं नाही. शेजारच्या मळ्यात एका बाईवर झडप पडली, ती थोडक्यात वाचली. वनखात्याची माणसं वस्तीवर आली. त्यातला एक तरुण अधिकारी बायकांना समजावत होता, "वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतं. खाली बसून गवत कापू नका. उभ्याने काम करा. चाहूल लागली तर ताबडतोब उठून उभ्या राहा, आवाज करा."

वहिनी मागे उभी होती. म्हणाली, "साहेब, घास काय उब्यानं कापायचा? का घासाला सांगू, वर ये म्हनून?"

बायका खिदळल्या. तो तरुणही हसला. "मावशी, निदान लवकर उठता आलं पाहिजे."

"त्येच न्हाई व्हत," वहिनी म्हणाली. "बिबट्या आला तर त्याला म्हनावं लागंल, थांब बाबा, हात दे, मला उटव, मग खा."

तेव्हा सगळी वस्ती हसली. दादा हसला, मी हसलो. ते वाक्य पुढे कितीतरी दिवस लोक एकमेकांना सांगत होते. ती बाई बसल्यावर उठू शकत नाही, हे तिने पन्नास माणसांसमोर, सरकारी माणसाला सांगितलं होतं, आणि आम्ही ते विनोद म्हणून घरी नेलं.

पुढच्या उन्हाळ्यात दूधसंस्थेने आरोग्य शिबिर ठेवलं. दूध घालणाऱ्यांची सांधे आणि मणके तपासणी. दुधाच्या कार्डावर ज्याचं नाव त्याची तपासणी, आणि कार्डावर सगळीकडे पुरुषांची नावं. शाळेच्या व्हरांड्यात पुरुष रांगेत बसले आणि बायकांनी डॉक्टरांच्या चहा-पोह्यांचं पाहिलं. एक तरुण मुलगी कागद भरून घेत होती, डॉक्टरीण असावी किंवा शिकत असावी. कागदावर माणसाच्या शरीराची रेघांची आकृती होती, पुढून आणि मागून. जिथे दुखतं तिथे पेन्सिलीने रंगवायचं. दादाने कंबर रंगवली. काळीकुट्ट केली.

वहिनी चहा घेऊन आली तशी त्या मुलीने तिला थांबवलं. "मावशी, तुम्ही पण गुरांचं काम करता ना?"

"छ्या," वहिनी म्हणाली, "मी घरीच असते. ह्ये करत्यात."

"धार कोण काढतं?"

"धार मीच काडते."

"शेण, झाडलोट?"

"ते तर करायलाच लागतंय की."

"चारा?"

"घास आनते. पन कामाचं म्हनाल तर ह्येच करत्यात, दूध घालायला जात्यात रोज."

त्या मुलीने एक कोरा कागद वहिनीपुढे सरकवला. वहिनीने आकृतीकडे नीट पाहिलं. "हे बाईचं चित्र हाय का बाप्याचं?"

"दोघांचंही चालतं."

"चालतंय कसं? पदर कुटंय हिला?"

रांग हसली. वहिनीने पेन्सिल घेतली. आकृतीवर नेली, उजव्या हाताच्या अंगठ्यापाशी. आणि पेन्सिल तिच्या बोटांतून सुटून खाली पडली. तिने उचलली, पुन्हा पडली. मग तिने ती टेबलावर ठेवून दिली. "ऱ्हाऊ द्या ताई. आमच्या हाताला पेन्सिलीची सवय न्हाई."

त्या मुलीने वहिनीचा हात धरायला आपला हात पुढे केला होता, हे मला आठवतं. पण मागून कुणीतरी ओरडलं, "विमल, साखर कुटं ठेवलीस?" आणि वहिनी गेली. मी शिबिरात लिखापढीला मदत करत होतो. तो कोरा कागद मीच गठ्ठ्यात परत लावला.

धारेच्या मशीनचा विषय घरात एकदाच निघाला होता. शेजारच्या मळ्यात आलं म्हणून संतोषने, माझ्या पुतण्याने, काढला. दादा म्हणाला, "पाच गाईंना मशीन कशाला? मशीननं कास दगडी व्हती." संतोष आईकडे वळला. ती म्हणाली, "राणी माज्या हाताबिगर सोडायची न्हाई दूद. तिला माजा आवाज लागतो." यात खोटं काही नव्हतं. वहिनी एकदा माहेरी गेली तेव्हा राणीने दोन दिवस पान्हा चोरला होता, आणि वहिनी बहिणीचं बाळंतपण अर्ध्यावर टाकून परत आली होती. ही गोष्ट ती सगळ्यांना सांगायची. तिच्याजवळ मिरवायला एवढंच होतं. त्याच दुधावर घर चालतं हेही तिला ठाऊक होतं. विषय तिथेच संपला.

त्या मंगळवारी दादाने धार काढली. बुधवारी काढली. आठवड्यात त्याची मनगटं सुजली. नवव्या दिवशी सकाळी त्याला मोटारसायकलचा क्लच दाबता येईना. तो ओट्यावर बसून हात चोळत होता आणि मी त्याला पहिल्यांदा असं बोलताना ऐकलं, "ह्ये काम माणसाचं न्हाई रे." त्याच दिवशी तो आणि संतोष नारायणगावला गेले आणि टेम्पोत मशीन घेऊन आले.

त्यावरून दादाचा राग करणं सोपं आहे. मी करून पाहिला. पण तो दुष्ट माणूस नाही. त्याला कळलं त्या दिवशी त्याने मशीन आणलं. त्याला कळायला त्याचे स्वतःचे हात सुजावे लागले, एवढंच.

वहिनीला आधी हाताच्या डॉक्टरांकडे नेलं. अंगठ्याचा सांधा झिजलेला, मनगटातली शीर दबलेली. छोटं ऑपरेशन करू, म्हणाले, आधी रक्त तपासा. रक्ताचा कागद आला तेव्हा हाताचं कुणी बोलेना. दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, मंचरला. त्यांनी कागद पाहिला, पोटाचा फोटो पाहिला आणि दादाला विचारलं, "यांना साखर आहे? बीपी?"

"न्हाई."

"मग दोन्ही मूत्रपिंडं एवढी कशानं गेली? ताई, दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं घेताय?"

"मी गोळी घेत न्हाई," वहिनी म्हणाली.

"आठवून सांगा. मेडिकलमधून आणलेली, कुणी दिलेली, गुडघ्यासाठी, हातासाठी."

"मेडिकलची एक सुदिक न्हाई. दवाखान्यात मी संतोषच्या येळी गेले व्हते, त्यानंतर आत्ताच आले."

डॉक्टर दादाकडे बघत राहिले. दादा माझ्याकडे. बाहेर बाकावर मी आणि वहिनी बसलो होतो, दादा कागद घेऊन पैसे भरायच्या खिडकीकडे गेला होता, तेव्हा ती हळूच म्हणाली, "भाऊजी."

"काय वहिनी?"

"ती राणीची गोळी. ती धरायची का ह्याच्यात?"

मला लगेच कळलं नाही. खरं तर कळलं, पण मी ते कळू दिलं नाही. ती सांगत राहिली, मला समजावून दिल्यासारखी. राणी तिसऱ्या दिवशी उठली होती. मुकं जनावर काही खोटं उठत नाही, म्हणजे गोळी खरी. डॉक्टर म्हणाले होते, गाय साडेचारशे किलोची, तिला एक. वहिनी पंचेचाळीसची. "म्हंजी मला धावा भाग. वरवंट्यानं फोडायची, धा वाटे करायचे. गुळासंगं. लई गुन यायचा भाऊजी, सकाळची धार निघायची. मग गुन कमी यायला लागला, तवा आठ वाटे केले. मग पाच." तिने माझ्याकडे पाहिलं. "हिशोब चुकला का माजा?"

हिशोब चुकला नव्हता. मी शाळेतल्या मुलांना असंच त्रैराशिक शिकवलं असतं. मी म्हणालो, "नाही वहिनी." आणि उठून डॉक्टरांच्या खोलीत गेलो. सात वर्षं आणलेल्या पाकिटाचं नाव मला सांगता आलं नाही. फाट्यावर जाऊन ते आणलं, टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते उलटं केलं. मागे लाल अक्षरांत छापलं होतं, फक्त जनावरांसाठी. त्यांनी नुसतं विचारलं, "आणत कोण होतं?"

मी सांगितलं.

मग आठवड्यातून दोनदा मंचर. सकाळी जायचं, चार तास डायलिसिसच्या यंत्राला लावायचं, दुपारी परत. जीपमध्ये ती खिडकीशी बसायची. रस्त्याच्या कडेला कुणी बाई घासाचा भारा घेऊन चाललेली दिसली की मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघायची. मला एकदाच म्हणाली, "तुमी मनाला लावून घेऊ नका. तुमी गाईचीच गोळी आनली." मी आजही त्या वाक्याशी काय करायचं ते शोधतो आहे. दादाशी ती त्याविषयी काही बोलली नाही. दादाने मला एक शब्द विचारला नाही. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी तिला शेवटची नीट पाहिली ती आषाढात. मंचरहून परत आलो होतो. ती म्हणाली, मला गोठ्यात न्या. मी खुर्ची ठेवली. इतक्या वर्षांत ती त्या गोठ्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसली. संध्याकाळची वेळ होती, मशीन लागलं होतं. संतोषची बायको मनीषा एका गाईचं काढून राणीकडे आली. तिने कास धुतली, चार नळ्या चार सडांना लावल्या, त्या आपोआप चिकटल्या. पंप फटफटत होता. नळीतून दूध वाहताना दिसत होतं, एका धारेत, न थांबता. राणीने मागे वळून पाहिलं नाही. गव्हाणीत तोंड घालून ती खात राहिली.

वहिनी बघत होती. सहा-सात मिनिटांत मनीषाने नळ्या काढल्या आणि बादलीचं झाकण उघडून दाखवलं, "आत्या, बगा. पयल्याएवढंच हाय."

वहिनीने बादलीत पाहिलं. मग राणीकडे पाहिलं. आजवर ती त्या गाईला रागावत आली, पण या वेळी आवाज वर गेला नाही.

"दिलंस की गं," ती म्हणाली. "मला वाटलं, तू द्यायची न्हाईस."

राणी खात होती.

"आधीच द्यायचंस," वहिनी म्हणाली.

मनीषाने पंप बंद केला. मी वहिनीला उठायला हात दिला. माझा हात धरायला तिची बोटं वळत नव्हती, म्हणून मी तिला कोपराखाली धरून उठवलं. तिचं वजन काहीच लागलं नाही. दारापर्यंत आलो तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, "मॅटवर शेण पडलंय, तेवडं वडायला सांगा तिला."

श्रावणात, मंचरला, यंत्रावर असतानाच ती गेली.

आता गोठ्यात चार गाई आहेत. मशीन दोन्ही वेळेला चालतं. दुधाचं कार्ड दादाच्या नावावर आहे, दादाच्या कमरेला पट्टा आहे. मनीषाचा उजवा गुडघा दुखायला लागला आहे. तिने ते मला सांगितलं, मी त्याच दिवशी दादाला सांगितलं, संतोषला सांगितलं, दवाखान्याचा दिवस ठरवून दिला. तो दिवस दोनदा पुढे गेला. शेण अजून तीच काढते.